फर्नेस ऑइलमधलं पाणी केमिकलनं वेगळं कसं करायचं: नव्या माणसासाठी, बाटलीपासून टँकपर्यंत

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, कुठल्याही एमआयडीसीत जा, जिथं फर्नेस ऑइलवर बॉयलर नाहीतर भट्टी चालते तिथं पावसाळा लागला की एकच रडगाणं, तेलात पाणी येऊन राहिलं. फ्लेम फडफडते, बर्नर मधेच थुंकतो, मग कोणीतरी सेल्सवाला येऊन डीमल्सिफायरचा ड्रम गळ्यात मारून जातो, ऑपरेटर मॅनहोलमधून दोन मग ओततो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो काहीच फरक नाही भाऊ. अशानं फरक पडेल काहून? डीमल्सिफायर पाणी खात नाही, उडवत नाही, गायब करत नाही. तो फक्त पाण्याच्या बारीक थेंबांना एकमेकांत मिसळू देतो, बाकी सगळं काम गरमी, वेळ, शांत टँक आणि खालचा ड्रेन कॉक यांचं असते. हे चार नसतील तर सगळ्यात महागडं केमिकलसुद्धा वाया जाते.

हे लिहितोय ते बॉयलर हाऊसमध्ये नवीन लागलेल्यांसाठी, किंवा परचेसमध्ये बसून ड्रम मागवायचा की नाही ठरवणाऱ्यांसाठी. केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही, थोडा धीर लागते.

आधी पाणी तेलात बसते कसं ते समजून घ्या

टँकमध्ये पाणी दोन तऱ्हेनं असते. एक मोकळं पाणी, जे तळाशी जाऊन बसते, ते ड्रेन केलं की संपलं, त्याला केमिकल नकोच. दुसरं म्हणजे इमल्शन, पाण्याचे मायक्रॉनमधले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तेलात अडकलेले. काळ्या तेलात अस्फाल्टीन आणि रेझिन नावाचे जड भाग असतात, ते थेंबाच्या भोवती सालासारखे चिकटतात, त्यात गंजाचे कण, मेण, बारीक माती येऊन बसली की साल अजून पक्कं होते. दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी हे साल त्यांना एक होऊ देत नाही. डीमल्सिफायरचे रेणू या सालात घुसून त्याला ढिलं करतात, एवढंच.

आता थेंब मोठा होण्याला इतकं महत्त्व काहून? पावसाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढून ठेवा, बाहेरून बारीक थेंब येतात ते जागेवर चिकटून राहतात, पण दोन-चार एकत्र झाले की लगेच ओघळ खाली येतो, तसंच आहे हे. हिशोबच सांगतो. थेंब खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, याला स्टोक्सचा नियम म्हणतात. नेहमीचं मध्यम जाड फर्नेस ऑइल ५५ अंशावर धरलं तर १० मायक्रॉनचा थेंब दिवसभरात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उतरते. तोच १०० मायक्रॉनचा झाला तर १५-२० सेंटीमीटर उतरते, आणि ३०० मायक्रॉनचा असेल तर दीड मीटरच्या आसपास. म्हणजे केमिकलशिवाय नुसतं सेटलिंगला ठेवलं तर वर्ष जाईल, आणि केमिकल टाकून तेल थंड ठेवलं तरी तीच गत, कारण ३० अंशावर तेच तेल चार-पाच पट जाड असते, वेग तेवढाच कमी. डिसेंबरात रात्री पारा १० च्या खाली गेला की तर विषयच सोडा, तेल पंपानं उचलत नाही तिथं पाणी काय बसणार.

नुकसान नेमकं कुठं होते

सेल्सवाले सांगतात पाण्यानं उष्णता जळते, इतके टक्के बचत होईल वगैरे. जरा गणित करा. १ किलो फर्नेस ऑइलमध्ये साधारण १०,००० किलोकॅलरीच्या थोडं वर उष्णता असते. त्यात १ टक्का पाणी, म्हणजे १० ग्रॅम, त्याची वाफ करायला लागतात ६-७ किलोकॅलरी. हे काहीच नाही. खरा तोटा हा की त्या १० ग्रॅमच्या जागी तेल असतं तर १०० किलोकॅलरी मिळाल्या असत्या, आणि तुम्ही पैसे तेलाचेच दिले. २० किलोलिटरच्या टँकरमध्ये २ टक्के पाणी म्हणजे ४०० लिटर पाणी तेलाच्या भावानं घेतलं. त्याउपर पाण्याचा गोळा नोझलवर आला की फ्लेम विझते, बर्नर ट्रिप होतो, नोझल आणि पंप घासतात, टँकचा तळ आतून सडतो. त्यामुळं "इंधनात इतकी बचत" असं लिहिलेलं पँप्लेट दिसलं की आधी विचारा, बचत कुठून येते ते कागदावर मांडून दाखवा.

फर्नेस ऑइलचा आयएस १५९३ हा स्टँडर्ड आहे, त्यात पाण्याची मर्यादा आकारमानानं १ टक्का. म्हणजे पाऊण टक्का पाणी आलं तर सप्लायरशी भांडून फायदा नाही, तो नियमात बसते. दीड-दोन आलं तर जरूर भांडा.

पहिलं काम: पाणी येतं कुठून ते शोधा

केमिकलच्या आधी हे. टँकर आला की उतरवण्याआधी १०-१५ मिनिटं उभा राहू द्या, मग प्रत्येक कंपार्टमेंटला डिप रॉडवर वॉटर पेस्ट लावून बघा. काळ्या तेलात पेस्ट लगेच रंग बदलत नाही, तेल चिकटून बसते, म्हणून पेस्टवर पातळ तेलाचा हलका हात द्या आणि रॉड तळाशी दोन-चार मिनिटं धरून ठेवा, डिझेलसारखं बुडवलं-काढलं नाही चालत. आणि लक्षात घ्या, पेस्ट फक्त मोकळं पाणी दाखवते. इमल्शनमधलं पाणी पेस्टला दिसतच नाही, म्हणून पेस्ट कोरी निघाली म्हणजे तेल कोरं असं नसते.

टँकर बरोबर असेल तर तुमच्याच घरात बघा. सगळ्यात लपलेला चोर म्हणजे टँकमधली स्टीम कॉइल. कॉइलला पिनहोल पडलं की स्टीम प्रेशरमध्ये असेपर्यंत वाफ तेलात जाते, पाणी होऊन राहते, आणि रात्री स्टीम बंद केली की उलटं तेल कॉइलमध्ये शिरते. कंडेन्सेटचं पाणी बादलीत घेऊन बघा, वर तेलाची इंद्रधनुषी साय दिसली तर कॉइल फुटलीय. मग तुम्ही कितीही डीमल्सिफायर टाका, एकीकडून काढता आणि दुसरीकडून भरता. बाकी मॅनहोलचं गॅस्केट, डिप पाइपचं झाकण, व्हेंटची उलटी वाकवलेली मान, जमिनीखालचा टँक असेल तर पावसाचं पाणी, हे सगळं जूनच्या आधी बघून घ्यायचं.

दुसरं काम: सँपल नीट घ्या

ड्रेन कॉकमधून बाटली भरून "हे बघा साहेब अर्धं पाणी" म्हणणारे लोक खूप आहेत. तळाचं सँपल तळाचंच सांगते. वर, मधे, खाली असं तीन ठिकाणचं घ्या आणि वेगवेगळं ठेवा. सँपल ताजं पाहिजे, इमल्शन जितकं जुनं होते तितकं हट्टी होते, आठवडाभर शेल्फवर पडलेल्या बाटलीवर टेस्ट करून टँकचा डोस ठरवू नका. आणि ज्या तेलात आधीच कोणतं तरी केमिकल पडलंय ते सँपल टेस्टला बाद, त्यात कोणाचं काम कोणी केलं कळत नाही.

पाणी आहे की नाही एवढंच झटकन बघायचं असेल तर गरम तव्यासारख्या प्लेटवर एक थेंब टाका, तडतडलं तर पाणी आहे. चष्मा घालून, आणि टँकपासून लांब, टँक फार्ममध्ये शेगडी पेटवायची नाही हे सांगायची गरज पडू नये पण पडते. नेमके टक्के पाहिजे असतील तर लॅबमधून डीन-स्टार्क करून घ्या, त्यात तेल सॉल्व्हंटबरोबर उकळून पाणी वेगळ्या नळीत मोजतात, इमल्शनमधलं पाणीही मोजायचं राहत नाही.

तिसरं काम: बॉटल टेस्ट

हेच खरं मन लावून करायचं काम आहे. डीमल्सिफायर हे एक केमिकल नाही, ती शेकडो केमिकलची जमात आहे. काही इथिलीन ऑक्साइड-प्रॉपिलीन ऑक्साइडचे ब्लॉक पॉलिमर, काही फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनवर बनवलेले, काही अमाइनचे, आणि बाजारात जे मिळते ते या दोन-तीनांचं मिश्रण, सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं. एका तेलावर जे पाच मिनिटांत पाणी पाडते ते दुसऱ्या तेलावर ढिम्म हलत नाही. हे आधीच सांगता येत नाही, कंपनीचा केमिस्ट पण सांगू शकत नाही, तोही बाटल्याच हलवतो. म्हणून ड्रमची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन सप्लायरकडून १००-१०० मिलीचे सँपल मागवा. कोणी सँपल द्यायला कां-कूं करत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सामान साधं: १०० मिलीच्या खुणा असलेल्या, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या सहा-सात, गरम पाण्याचा टब, थर्मामीटर, १ मिलीच्या सिरिंज, हातमोजे. नावं मार्करनं काचेवर लिहू नका, सॉल्व्हंटचा हात लागला की पुसली जातात आणि मग कोणती बाटली कोणाची यावरून वाद होतो. मास्किंग टेपवर पेन्सिलीनं लिहा.

आधी केमिकलचं १० टक्क्यांचं द्रावण करा, १० मिली केमिकल आणि वरून १०० मिलीपर्यंत झायलीन किंवा सप्लायर सांगेल तो सॉल्व्हंट. उघड्यावर करा, झायलीनचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतं पण लवकर. या द्रावणाचं ०.१ मिली १०० मिली तेलात टाकलं की १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) झाले. ०.२ टाकलं तर २००. इथं एक गोची होते ती सांगतो. लोक मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणतात, चांगली असते, पण तिच्यात दोन प्रकार येतात. लाल टोपीची ४० युनिटवाली असेल तर ०.१ मिली म्हणजे ४ युनिट, आणि १०० युनिटवाली असेल तर १० युनिट. एकानं एकीनं टाकलं आणि दुसऱ्यानं दुसरीनं, की अडीच पटीचा घोळ झालाच म्हणून समजा. शिवाय झायलीननं सिरिंजचं रबर फुगते, म्हणून एका केमिकलला एक सिरिंज आणि काम झालं की फेकून द्या.

आता सगळ्या बाटल्यांत १०० मिली तेल भरा, टबमध्ये ठेवून तुमचा टँक जितका गरम राहतो तितक्यावर आणा. हे लोक विसरतात. लॅबमध्ये ८० अंशावर टेस्ट करायची आणि टँक चालवायचा ४५ वर, मग निकाल जुळणार कसा. एक बाटली कोरी ठेवा, तिच्यात काहीच टाकायचं नाही, फक्त बाकीच्यांसारखीच हलवायची, नाहीतर केमिकलनं पाणी पडलं की नुसत्या गरमीनं ते कळणार नाही. बाकीच्यांत डोस टाका, बूच घट्ट लावा, एकदा सैल करून आतला दाब सोडा, मग सगळ्या सारख्याच हलवा, शंभर झटके पुरतात, आणि परत टबमध्ये.

मग घड्याळ लावून बसायचं. ५ मिनिट, १०, २०, ३०, तास, आणि मोठ्या टँकसाठी टेस्ट असेल तर रात्रभर. वहीत प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: खाली किती मिली पाणी पडलं, तेल-पाण्याची रेघ सुरीनं कापल्यासारखी आहे की मधे भुरकट लोळ लटकतोय, आणि पाणी कसं दिसते, स्वच्छ, चहासारखं की काळं. नवीन माणूस फक्त पहिली बघतो. सगळ्यात लवकर पाणी पाडणारं केमिकल बऱ्याचदा अर्धवट काम करून थांबते, मोठे थेंब पाडते आणि बारीक तसेच तेलात ठेवते. ते कसं पकडायचं? तासाभरानं वरच्या तेलातून, रेघेपासून लांबून, सिरिंजनं थोडं तेल उचला, तेवढंच टोल्युइन मिसळा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. नळीच्या टोकाला किती पाणी आणि किती लोळ निघाला तो खरा निकाल. आपल्याला बर्नरला वरचं तेलच द्यायचं आहे ना, खालचं पाणी नाही.

जिंकलेलं केमिकल ठरलं की त्याचाच डोस कमी-जास्त करून अजून एक फेरी मारा, ५०, १००, २००, ४०० पीपीएम. एका जागेनंतर डोस वाढवून फरक पडत नाही, आणि अजून वाढवला तर उलटा परिणाम होते, जास्तीचं केमिकल स्वतःच नवीन साल बनून इमल्शन पक्कं करते. "जरा जास्तच टाक" ही आपली सवय इथं महागात पडते.

याच ठिकाणी एक भानगड सांगून ठेवतो. बाजारात "फ्युएल अ‍ॅडिटिव्ह" म्हणून जे डबे मिळतात त्यातले काही डीमल्सिफायर नसतातच, उलट ते पाणी आणि गाळ तेलात बारीक करून पसरवून ठेवतात म्हणजे बर्नरमधून जळून जाईल. त्या कामासाठी ते ठीक, पण त्यानं टँकच्या तळाचं पाणी "गायब" होते आणि ऑपरेटर खूष होतो, पाणी मात्र तेलातच असते. बॉटल टेस्टमध्ये अशा डब्याची बाटली कोऱ्या बाटलीपेक्षाही कमी पाणी पाडते, लगेच ओळखू येते. दोन्ही प्रकार एकाच टँकमध्ये टाकले तर पैसे दोन्हीकडून गेले.

चौथं काम: टँकमध्ये डोस देणं

हिशोब एकदम सोपा आहे. १ किलोलिटर तेलाला १ पीपीएम म्हणजे १ मिली. २० किलोलिटरला १५० पीपीएम म्हणजे ३००० मिली, ३ लिटर झालं. मॅनहोलमधून वरून ओतलेले ३ लिटर ३-४ मीटर खोल जाड तेलात मिसळतील कशाला, जिथं पडले तिथंच एक पट्टा करून बसतात. केमिकल द्यायची जागा म्हणजे टँकर उतरवताना अनलोडिंग पंपाच्या सक्शनला, छोट्या डोसिंग पंपानं, टँकर रिकामा होईपर्यंत पुरेल अशा धारेनं. पंपातून आणि पाइपातून जाताना आपोआप मिसळते. डोसिंग पंप नसेल तर केमिकल, सप्लायर चालेल म्हणेल त्या पातळ तेलात दहा पट पातळ करून, सक्शन स्ट्रेनरच्या आधी थेंब-थेंब सोडायची व्यवस्था फिटर अर्ध्या दिवसात करून देतो. टँकमध्ये आधीच पडलेलं तेल असेल तर ट्रान्सफर पंपानं एकदा फिरवून घ्या, पण मिसळलं की बंद. रात्रभर सर्क्युलेशन चालू ठेवलं तर गिअर पंप पाणी परत बारीक कापते आणि तुम्ही परत पहिल्या जागी.

पाचवं काम: गरम ठेवा आणि हात लावू नका

गरमीला मर्यादा आहे आणि ती पाठच करा. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीनं पेट घेते तो, स्टँडर्डप्रमाणे कमीत कमी ६६ अंश. टँक त्याच्या निदान १० अंश खाली ठेवायचा, म्हणजे सर्टिफिकेटवर ६६ असेल तर ५५ च्या आसपास थांबा. आणि काहीही झालं तरी पाणी असलेला टँक १०० अंशाकडे नेऊ नका. तळाच्या पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटीहून जास्त फुगते आणि वरचं सगळं तेल उसळून मॅनहोलमधून बाहेर येते. बर्नरच्या आधीचा हीटर १०० च्या वर चालते ते वेगळं, तिथं प्रेशर असते. टँकला ते लागू नाही.

आजकाल स्वस्त म्हणून टायर ऑइल, म्हणजे जुने टायर भाजून काढलेलं तेल, फर्नेस ऑइलमध्ये मिसळून येते. त्याचा फ्लॅश पॉइंट बराच खाली असू शकते, म्हणून अशा तेलाला ५५ अंशाचा नियम आंधळेपणानं लावू नका, आधी लॅबमधून फ्लॅश काढा. त्याच्यात कायद्याचीही मेख आहे. ६५ ते ९३ अंश फ्लॅशचं तेल वर्ग क मध्ये येते, ते ४५,००० लिटरपर्यंत साठवायला लायसन्स लागत नाही. फ्लॅश ६५ च्या खाली गेला की ते वर्ग ब होते आणि तिथं मर्यादा २,५०० लिटरची, तीही १,००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नाही. म्हणजे तुमचा २० किलोलिटरचा टँक एका टँकरनं बेकायदा होऊ शकते. पेट्रोलियमच्या लायसन्सचं देशाचं मुख्य ऑफिस, पेसो, आपल्या नागपुरातच आहे, शंका असेल तर जाऊन विचारता येते, मुंबई-दिल्ली करायची गरज नाही.

सेटलिंगला किती वेळ द्यायचा ते बॉटल टेस्ट आणि टँकची उंची सांगते, पण २४ तासांच्या खाली जाऊ नका. दोन टँक असतील तर एक बसवायचा आणि एक चालवायचा. एकच टँक असेल तर सक्शन तळापासून वर घ्या, आणि टँकर शनिवारी संध्याकाळी उतरवून रविवारची सुट्टी टँकलाही द्या.

सहावं काम: ड्रेन

ड्रेन कॉक पूर्ण उघडायचा नाही. जोरात उघडला की मधून भोवरा पडून तेल खाली येते आणि बाजूचं पाणी तसंच राहते, ऑपरेटर काळं तेल बघून म्हणतो संपलं पाणी. हळू उघडा, काचेच्या भांड्यात धार बघत राहा. आधी पाणी, मग चॉकलेटी लोळ, मग काळं चमकदार तेल. लोळ सुरू झाला की थांबा, अर्ध्या तासानं परत उघडा, बाजूचं पाणी सरकून आलेलं असते. आडवा टँक असेल तर तळाची डिप फसवते, गोल तळात ५ सेंटीमीटर म्हणजे थोडंसंच पाणी असते आणि मधल्या उंचीवर ५ सेंटीमीटर म्हणजे कितीतरी, म्हणून टँकचा चार्ट बघूनच लिटर लिहा. ड्रेन करताना वारा जिकडून येते त्या बाजूला उभे राहा, जड तेलाच्या टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असू शकते. सडक्या अंड्याचा वास आला तर सावध व्हा, आणि वास येता येता बंद झाला तर जास्त सावध, कारण तो वायू नाकच बधिर करते. टँकमध्ये माणूस उतरवायचा असेल तर गॅस टेस्ट, परमिट, बाहेर दोरी धरून दुसरा माणूस, याच्यात कुठंच सूट नाही.

लोळ निघतच नसेल तर

तेल आणि पाण्याच्या मधे एक जाड, चॉकलेटी, ना तेल ना पाणी असा थर महिनोन्महिने वाढत जातो. त्यात बहुतेक गंज, कार्बनचे कण आणि जुनं इमल्शन असते. नवीन माणूस डोस दुप्पट करतो आणि तो अजून वाढतो. आधी डोस अर्धा करून बघा. दोन कंपन्यांची केमिकलं एकत्र तर नाही पडली ते बघा. तरी नाही गेलं तर तो थर वेगळ्या ड्रममध्ये काढून त्याचीच वेगळी बॉटल टेस्ट करा, कणांना ओलं करून पाण्यात पाडणारं केमिकल लागते तिथं, साधा डीमल्सिफायर पुरत नाही. मुख्य टँकमध्ये त्याच्याशी कुस्ती खेळू नका.

क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं काय

नागपुरात ना विहीर ना रिफायनरी, पण आपली एलआयटीची (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटची) पोरं मेहसाणा, बाडमेर, जामनगरकडे लागतात म्हणून थोडक्यात. तत्त्व तेच, आकडे वेगळे. क्रूडबरोबर जमिनीतून खारं पाणी येते, खरा शत्रू त्यातलं मीठ, ते रिफायनरीत गरम झालं की हायड्रोक्लोरिक आम्ल बनून पाइप खाते. म्हणून तिथं विहिरीजवळच केमिकल टोचतात, डोस आपल्यापेक्षा कमी, बऱ्याचदा १०-५० पीपीएममध्ये, कारण लांब पाइपलाइनमध्ये मिसळायला वेळ मिळते. रिफायनरीत डिसॉल्टर असते, तिथं उलट मुद्दाम क्रूडमध्ये ३ ते ८ टक्के गोडं पाणी मिसळतात, मीठ त्यात घेतात, आणि साधारण १२०-१५० अंशावर प्रेशरखाली, हजारो व्होल्टच्या विजेच्या क्षेत्रात थेंब एकत्र करून पाणी काढतात. मेहसाण्याचं जड क्रूड आणि बॉम्बे हायचं हलकं क्रूड यांना एकच केमिकल चालेल असं कोणी म्हटलं तर वर बॉटल टेस्टचं लिहिलंय ते त्याला वाचायला द्या.

डिझेल जनरेटरवाल्यांना एवढंच, तुमच्या टँकमध्ये पाणी खाली बसते तेव्हा ते काढा, वॉटर सेपरेटरचा बाउल रोज बघा, केमिकलच्या मागे लागू नका.

निघालेल्या पाण्याचं आणि गाळाचं

हे पाणी नाल्यात सोडायचं नाही, रात्री तर अजिबातच नाही. ऑइल-वॉटर सेपरेटरमधून काढा, वरचं तेल परत घ्या, पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला) पाठवा, पण ईटीपीवाल्याला आधी सांगा, डीमल्सिफायरचा मोठा डोस एकदम गेला तर त्याचे जिवाणू आजारी पडतात. टँकचा तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येते, म्हणजे तो झाकलेल्या, लेबल लावलेल्या ड्रममध्ये, पक्क्या फरशीवर, छपराखाली, आणि ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी गेला पाहिजे, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह. बुटीबोरीला सामायिक सुविधा आहे, लांब जायचं कारण नाही. भंगारवाला "मी नेतो ना, पैसे पण देतो" म्हणून येते, त्याच्याकडं एमपीसीबीचा (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) कागद आहे का विचारा, नसेल तर गाळ उद्या कुठं सापडला की नाव तुमच्या कंपनीचं निघेल. ड्रमवर तारीख टाकताना गाळ भरायला सुरुवात केली ती तारीख टाका, भरला ती नाही, आणि इन्स्पेक्शनला मॅनिफेस्टची फाइल बॉयलर हाऊसमध्येच ठेवा, परचेसच्या कपाटात ठेवली की ऐनवेळी चावीवाला सुट्टीवर असते.